शाल, श्रीफळ आणि फुकटचं गाणं

'सर्वांना विनामूल्य प्रवेश' ही तीन शब्दांची ओळ आपल्या गावागावांतल्या गाण्याचा जीव घेते आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आजची वीकेंड पोस्ट त्यावर. जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी गाण्यातला जाणकार वगैरे नाही. इंजिनिअरिंग केलं, हिंजवडीत नोकरी करतो, एक आड एक शनिवारी फलटणला घरी जातो. दहा-बारा राग ओळखता येतात, त्यातही भूप आणि देसकारात गल्लत होते. घरात गाणं म्हणजे आजोबांचा रेडिओ आणि माउलींची पालखी मुक्कामाला आली की विमानतळावर रात्रभर चालणारी भजनं. (बाहेरच्या मंडळींसाठी : फलटणला विमानतळ नावाचं मैदान आहे, विमान शोधू नका.) तर हे सगळं एका साध्या श्रोत्याचं म्हणणं आहे. पण तिकीट श्रोत्यानेच काढायचं असतं, त्यामुळे या विषयावर बोलायचा पहिला हक्क त्याचाच, नाही का?

चार वर्षांपूर्वी एका रिलीजच्या रात्री ही गायिका मला सापडली. रात्रीचे दोन, बिल्ड चालू, डोळे मिटत होते म्हणून कानात काहीतरी लावलेलं. यूट्यूबने आपल्या मनाने पुढचं गाणं लावलं आणि एक बिहाग सुरू झाला. कोणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग. मधे कुत्रं भुंकतंय, कोणीतरी कपबशा आपटतंय. पण आवाज असा, की बिल्ड संपून पाच मिनिटं झाली तरी मी स्क्रीनकडे पाहिलं नव्हतं. गांधारावर येऊन ती थांबायची, पुढे जाणार असं वाटायचं, आणि जायची नाही. त्या रेकॉर्डिंगला तेव्हा तीनेकशे व्ह्यूज होते. नंतर मी तिची शोधून शोधून अकरा रेकॉर्डिंगं जमवली. त्यातले शंभरेक व्ह्यूज तर माझेच असतील :)

तिचं नाव इथे लिहीत नाहीये. कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुठल्या आयोजकाच्या कपाळाला आठी पडली, तर तिचे कार्यक्रम जातील, माझे नाही.

मागच्या हिवाळ्यात आईने व्हॉट्सअॅपवर एक पत्रिका पाठवली. फलटणमधल्या एका मंडळाचा कार्यक्रम, आणि गायिका तीच! वेळ संध्याकाळी साडेसहा. खाली ती ओळ : सर्वांना विनामूल्य प्रवेश. शुक्रवारी लवकर निघालो, शनिवारी सव्वासहाला हॉलवर हजर. साठ-सत्तर खुर्च्या, समोर भारतीय बैठक, स्टेजच्या मागे भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर एकूण चौदा फोटो. गायिकेचा फोटो त्यातला एक, उजव्या कोपऱ्यात, खालून दुसरा.

पावणेसातला दीपप्रज्वलन. मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो, पुढचा, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. मी मोजले, अकरा सत्कार झाले. त्यात हॉलला रंग देणारे कंत्राटदारही होते. मग मनोगतं. एका वक्त्यांनी शास्त्रीय संगीत टिकवण्याची गरज या विषयावर बावीस मिनिटं घेतली. या सगळ्या वेळात गायिका, तबलजी आणि पेटीवाले विंगेत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून होते. दोन तंबोरे लावून तयार होते, ते एव्हाना उतरले असणार.

गाणं सुरू झालं आठ वाजून चाळीस मिनिटांनी. लाउडस्पीकर दहाला बंद करायचा नियम आहे, तो योग्यच आहे. पण त्याचा हिशेब भाषणं ठरवताना कोणी केला नव्हता. पुन्हा तंबोरे लावण्यात दहा मिनिटं गेली, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अजून यांचं चाललंच आहे होय!" त्या माणसाला मनोगतं बिनतक्रार चालली होती.

आणि तरीही... त्यानंतरच्या तासाभरात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी पुढच्या बैठकीत, तिच्यापासून फार तर आठ फुटांवर होतो. आठ फुटांवर तंबोऱ्याची जवारी वेगळीच ऐकू येते. इअरफोनमध्ये जी मागे कुठेतरी गुणगुण असते, ती समोर बसलं की खोलीभर पसरलेली असते, आणि गायिका तिच्यात उभी असते. तान घ्यायच्या आधी ती श्वास घेते तो दिसतो. तबलजीने समेला एक छोटी गंमत केली, तिने वळून पाहिलं आणि हसली, आणि पुढचं आवर्तन त्या हसण्यामुळे बदललं. पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या तोंडून नको तिथे नव्हे, अगदी नेमक्या जागी "वा" निघाला, तर तिने तीच जागा पुन्हा घेतली, थोडी वेगळी. हे रेकॉर्डिंगमध्ये होणं शक्य नाही, कारण रेकॉर्डिंगला तुम्ही ऐकताय की नाही याने काही फरक पडत नाही. इथे पडत होता. साठ लोकांच्या मैफलीत प्रत्येक श्रोता थोडासा साथीदार असतो.

पावणेदहाला आयोजकांनी स्टेजच्या कडेला येऊन घड्याळ दाखवलं. तिने भैरवीची दोन आवर्तनं म्हटली आणि नमस्कार केला.

नंतर मला तिला भेटायचं होतं. स्टेजवर फोटोंची रांग लागली होती. ज्यांनी गाणं चालू असताना बाहेर पार्किंगमध्ये गप्पा मारल्या तेही रांगेत होते. रांग संपल्यावर मी गेलो तेव्हा ती स्वतःच तंबोऱ्याला गवसणी घालत होती. म्हटलं, "ताई, तुमचा तो बिहाग, कुत्रं भुंकतंय तो, मी चार वर्षं ऐकतोय." ती आधी दचकली, मग खळखळून हसली. "अहो, तो कोथरूडला एका घरी झाला होता. पंचवीस माणसं होती. ते कुत्रंसुद्धा त्याच घरातलं." मग म्हणाली, "आज खरं तर बिहागच गाणार होते. पण त्याला वेळ लागतो हो. पाऊण-एक तासात बिहागात शिरणार कधी आणि बाहेर येणार कधी?"

आम्ही पंधरा मिनिटं बोललो. ती आठवड्याला तीसेक विद्यार्थ्यांना शिकवते, त्यातले निम्मे परदेशातले, ऑनलाइन. घर त्याच्यावर चालतं. मैफलींवर चालत नाही. कारण मैफलीला पुण्याहून यायचं तर गाडी लागते, दोन तंबोरे आणि चार माणसं एसटीत मावत नाहीत. गाडीचं भाडं, तबल्याचं, पेटीचं, तंबोऱ्यावरच्या विद्यार्थिनीचं मानधन हे सगळं तिने द्यायचं, आणि तिला मिळायचं एक पाकीट, ज्यात किती आहे ते घरी जाऊन कळतं. त्या दिवशीच्या पाकिटात किती होते ते मी विचारलं नाही. पण आयोजकांपैकी एक जण तिच्यासमोरच मला अभिमानाने म्हणाले, "ताईंचा मोठेपणा बघा, काहीच मागितलं नाही! आणि आपणही त्यांना व्यासपीठ मिळवून दिलं."

व्यासपीठ!

मित्रहो, आपल्या धंद्यात कोणी असं म्हटलं तर आपण काय करतो? ओळखीतला कोणी येतो, 'एक छोटंसं अॅप करून दे, पैसे नाहीत, पण तुझं नाव होईल' म्हणतो. अशा माणसांवर आपण जेवणाच्या सुट्टीत विनोद करतो. ते फॉरवर्ड करतो. आणि त्याच संध्याकाळी वीस वर्षं रियाज केलेल्या बाईला 'नाव होईल' या बोलीवर गायला बोलावलेलं असतं, आणि आपण जाऊन पुढच्या रांगेत बसतो. मल्टिप्लेक्सला चारशेचं तिकीट आणि तितक्याचेच पॉपकॉर्न घेताना आपल्याला कधी 'कला विकायची नसते' हे आठवत नाही. गाण्याच्या वेळीच कसं बरोब्बर आठवतं?

आता इतिहासाकडे येऊ, कारण 'आपली परंपराच फुकटची आहे' हा युक्तिवाद लगेच येतो. तो खोटा आहे. निदान आपल्या सातारा-सांगली भागात तरी सपशेल खोटा आहे.

आपल्याकडे गाणं संस्थानांनी पोसलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या नावातच संस्थान आहे. त्यांचे शिष्य अंतुबुवा जोशी औंध संस्थानात गवई होते. दरबारात तिकीट नव्हतं हे खरं, पण म्हणून ते फुकट नव्हतं. महिन्याचा तनखा होता. ऐकणारे फुकट ऐकत, कारण बिल राजा भरत असे. त्याची किंमत गवई दुसऱ्या मार्गाने चुकवत असे : मर्जी सांभाळायची, बोलावलं की जायचं, उठवलं की उठायचं.

बाळकृष्णबुवांचाच दुसरा शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडचा मुलगा, लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेला, मिरजेत गाणं शिकलेला. १८९६ साली तो मिरज सोडून निघाला, आणि पुढे त्याने जे केलं ते त्या काळात जवळपास बंडच होतं. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या अगदी पहिल्या गवयांत त्याचं नाव घेतलं जातं. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही कुणा एका राजाच्या मेहरबानीवर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर. तिकिटाने गवयाला पहिल्यांदा हे म्हणता आलं, की मी अमुक वाजता गाईन, तुम्ही वेळेवर या, आणि गाणं चालू असताना बोलू नका. आज आपण ज्याला मैफलीची शिस्त म्हणतो तिच्या मुळाशी हे तिकीट आहे. (पुढे मुंबईत त्यांच्या संस्थेची इमारत कर्जापायी हातची गेली. तिकीट म्हणजे जादूची कांडी आहे असं माझं म्हणणं नाही.)

संस्थानं १९४८ साली विलीन झाली. राजा गेला, तनखा गेला. आपण मात्र दरबारातली एकच गोष्ट नेमकी ठेवली : फुकट ऐकायची सवय. आणि सत्कार. दरबारात एकाच माणसाला मुजरा करावा लागे, आता अकरा जणांना होतो.

"पण औंधला तर विनामूल्यच असतं!" असं कोणीतरी म्हणणार, आणि मी त्याचीच वाट बघतोय. औंधचा संगीत महोत्सव अंतुबुवांनी १९४० साली आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी तो चालवला, आता शिष्यपरिवार चालवतो. दसरा-दिवाळीच्या मधे कधीतरी असतो. फलटणहून मोगराळ्याचा घाट चढून दहिवडी, वडूज करत औंधला पोचायचं, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी, आणि दिवसभर बसून ऐकायचं. मोठमोठे कलाकार तिथे येऊन गातात, आणि तिकीट नाही, हे खरं आहे.

पण नीट बघा. तिथे बिल कोण भरतं? ऐंशीहून जास्त वर्षं एका घराण्याने, शिष्यांनी आणि देणगीदारांनी ते आपल्या अंगावर घेतलं आहे. गाणारा तिथे गुरुपरंपरेची सेवा म्हणून गातो, आणि ते त्याने स्वतः ठरवलेलं असतं. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात १९३७ साली गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जे गाणं-वाजवणं होतं तेही असंच. कलाकार हजेरी लावायला जातो. सेवा ही करणाऱ्याने ठरवायची गोष्ट आहे. समोरच्याने परस्पर ठरवली की तिला वेठबिगार म्हणतात.

आपण इंजिनिअर आहोत, हे आपल्याला सगळ्यात आधी कळायला हवं. जगात फुकट असं काही नसतं. आपण जे सॉफ्टवेअर फुकट वापरतो त्याच्या सर्व्हरचं बिल कोणीतरी भरत असतं, कोड कोणीतरी रात्री जागून लिहिलेला असतो. प्रश्न एवढाच असतो की बिल कोणाच्या नावावर फाडलंय. औंधला ते यजमानाच्या नावावर आहे. दरबारात राजाच्या नावावर होतं. फलटणच्या त्या हॉलमध्ये ते गायिकेच्या नावावर होतं. फ्लेक्सवाल्याला पैसे मिळाले, मांडववाल्याला मिळाले, साऊंडवाल्याला मिळाले, केटररला मिळाले. ज्या एका कारणासाठी सगळे जमले, तेवढंच पाकिटावर सोडलेलं!

आणि आपण ज्यांना 'अशिक्षित करमणूक' म्हणून नाक मुरडतो, ते तमाशावाले याबाबतीत आपल्या दहा पावलं पुढे आहेत. दसऱ्याला फड बाहेर पडतो, एक तर तिकिटावर कनातीत होतो, नाही तर गावकीची सुपारी घेऊन. जत्रेचे कारभारी नारायणगावला राहुट्यांवर जातात, घासाघीस करतात, रक्कम ठरते, इसार देतात, मगच गाडी गावात येते. दिवसभर उसाला पाणी देणाऱ्या माणसाला ढोलकीचे पैसे द्यावे लागतात हे न शिकवता कळतं. ते आमच्या वातानुकूलित रसिकांना कळायला अजून किती वर्षं लागणार?

आता नेहमीचे आक्षेप, एकेक करून.

'तिकीट लावलं तर लोक येणार नाहीत.' नका येऊ देत! कोथरूडच्या त्या घरात पंचवीसच होते, आणि तिचा सगळ्यात चांगला बिहाग तिथेच झाला. ख्याल हे मैदानात ऐकायचं गाणं कधीच नव्हतं. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाबद्दल मला आदरच आहे, तिथे मीही पडद्यावर गवई बघत खाली वडापाव खाल्ला आहे. पण सवाईच्या स्टेजवर पोचायच्या आधी गवयाला शंभर लहान मैफली लागतात, जिथे तो चुकू शकतो, नवीन काही करून बघू शकतो. त्या शंभर मैफली फलटण, कराड, विटा, इस्लामपूर अशा गावांतच व्हायच्या आहेत.

'गरिबाने काय करायचं?' विद्यार्थ्यांना वीस रुपये ठेवा. ज्याला परवडत नाही त्याला आत सोडा, नाव विचारू नका. पण त्या हॉलच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. कृपा करून गरिबाच्या आडून आपलं पाकीट वाचवू नका.

'यूट्यूबवर सगळं आहे की.' आहे. मला ती तिथेच सापडली. पण ते रेकॉर्डिंग कुठल्यातरी घरातल्या मैफलीचं होतं. घरातली मैफल बंद झाली की यूट्यूब कशाचं रेकॉर्डिंग दाखवणार? विहिरीला पाणी नसेल तर नळाची तोटी कितीही चकचकीत असून उपयोग काय?

'पैसा आला की कला भ्रष्ट होते.' हे वाक्य मी आजवर फक्त पगारदार माणसांच्या तोंडून ऐकलं आहे.

आता नुसती टीका करून थांबायचं नाही, म्हणून साधा हिशेब मांडतो. ऐंशी माणसं, तीनशे रुपये तिकीट. चोवीस हजार होतात. फलटणसारख्या गावात कोणाच्या तरी वाड्याचा चौक किंवा घराची गच्ची फुकट मिळते. फ्लेक्स नको, साऊंड नको. ऐंशी माणसांना शांत जागेत माइकची गरज नाही. पंखे मात्र बंद करायची तयारी ठेवा. म्हणजे चहा आणि गाडीचे पाच-सहा हजार वजा जाता सगळी रक्कम चार कलाकारांची. श्रीमंती नाही, पण पदरचे घालावे लागणार नाहीत, आणि आकडा आधी ठरलेला असेल. तंबोरे मिरजेचे असतात, तिथले कारागीर पंढरपूरकडचे भोपळे आणून ते घडवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. वाद्याला मानांकन मिळालं, आता वाजवणाऱ्या-गाणाऱ्याला निदान मानधन मिळू दे.

अटी माझ्याकडून पाच. एक, मानधन आधी ठरवायचं आणि गाण्याच्या आधी द्यायचं. दोन, पत्रिकेवर गायकाचं नाव सगळ्यात मोठं. तीन, सत्कार शून्य. कलाकाराचासुद्धा नको, त्याचं गाणं ऐका हाच सत्कार. चार, पत्रिकेवरच्या वेळेला पहिला सा लागलाच पाहिजे. पाच, किती वेळ गायचं ते गाणारा ठरवेल.

फलटणहून पुण्यात आलेली आपल्यासारखी कंपनीतली पोरं कमी नाहीत. गावी आईवडिलांची घरं आहेत, मोठे हॉल आहेत, गच्च्या आहेत, आणि खिशात तीनशे रुपये नक्कीच आहेत. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आमच्या गच्चीवर पहिली बैठक करायची ठरवतोय. आईने चहाचं कबूल केलंय, बाबांनी सतरंज्यांचं. ताईंना फोन केला, आकडा विचारला, त्यांनी दोनदा 'बघू हो, तुम्ही द्याल ते' म्हटलं, तिसऱ्यांदा सांगितला. तो मान्य केला आणि अर्धी रक्कम त्याच दिवशी पाठवली. राग त्या ठरवतील. मी फक्त एवढंच सांगितलं, की दहा वाजता घड्याळ दाखवायला कोणी येणार नाही.

जागा ऐंशी आहेत. तिकीट तीनशे. ओळखीने पास मिळणार नाहीत, मलाही नाही.